गावात स्तन तपासणी सुरू करताना: आधी बायोप्सीची सोय, मग शिबिराचा मांडव

स्तनाच्या कर्करोगाचं तपासणी शिबिर भरवणं फारसं अवघड नाही. शाळेची खोली मिळते, बॅनर छापून होतं, बायकाही जमतात. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. जिच्या छातीत गाठ लागली तिला तालुक्याला कोण नेणार, कुठल्या वारी, कुठल्या सर्जनकडे, सुईची तपासणी (बायोप्सी) कोण करणार, तुकडा कुठल्या बाटलीतून जाणार आणि रिपोर्ट कोण वाचून सांगणार? या प्रश्नांना नावानिशी उत्तरं नसतील तर शिबिर घेऊ नये. गाठ आहे एवढंच सांगून बाईला घरी पाठवणं म्हणजे तिच्या जिवाला घोर लावून देणं.

हे टिपण प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर, आशाताईंच्या गटप्रवर्तक आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातली आहेत.

गरज किती आहे, ते दोन आकड्यांतून कळतं. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तन कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या बायका १ टक्कासुद्धा नव्हत्या. सरकारी धोरण मात्र २०१६ पासून ठरलेलं आहे: ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर ५ वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने स्तन तपासणी करायची.

हाताने तपासून उपयोग होतो का?

हा प्रश्न डॉक्टरही विचारतात, म्हणून उत्तर तयार ठेवा. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर अभ्यास केला. त्यात तपासणी डॉक्टर करत नव्हते, प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्या करत होत्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे पुढच्या टप्प्यात सापडणारे कर्करोग ४७ वरून ३७ टक्क्यांवर आले. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यू १५ टक्के कमी दिसले, पण ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी ठरली नाही. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले आणि ही घट कसोटीला उतरली.

यावरून कामाची दिशा ठरते. शिबिराला येतात त्या बहुतेक तिशी-चाळिशीच्या, बचत गटातल्या, हिंडत्याफिरत्या बायका. ज्यांना सर्वात जास्त फायदा, त्या पन्नाशीपुढच्या मावशी आणि आज्या ‘आता या वयात काय दाखवायचं’ म्हणून घरीच बसतात. आशाताईच्या यादीत ५० ते ६५ वयाची नावं वेगळ्या शाईने लिहा आणि बोलावण्याची सुरुवात त्यांच्यापासून करा.

हाताच्या तपासणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट हवी. तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ५०,३६६ बायका तपासल्या. २,८८० जणींच्या बाबतीत शंका आली आणि त्यांच्यात ३० कर्करोग निघाले. प्रत्यक्षात असलेल्या कर्करोगांपैकी जेमतेम निम्मेच हाताला लागले होते. म्हणून तपासणी साफ निघालेल्या बाईला ‘तुम्हाला कॅन्सर नाही’ असं सांगायचं नाही. ‘आज हाताला काही लागलं नाही, पण मध्येच काही बदल वाटला तर पुढच्या फेरीची वाट न बघता या’ असं सांगायचं. हे वाक्य कार्डावर छापून घ्या.

आखणी उलटीकडून करा

पहिलं पाऊल गावात नसतं, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन चार माणसांना भेटा: सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि जन आरोग्य योजनेचा (सरकारी मोफत उपचार योजनेचा) आरोग्यमित्र. सर्जनला एवढंच विचारा, ‘आमच्या बायकांसाठी आठवड्यातला कोणता दिवस आणि किती जणी?’ उदाहरणार्थ, गुरुवार, सहा जणी. हा आकडा मिळाला की गावातली फेरी त्या मापाने बेतायची.

हिशेब असा. एका उपकेंद्राखाली ५,००० लोकसंख्या धरली तर ३० ते ६५ वयाच्या बायका सुमारे ८०० भरतात. एका बाईची विचारपूस, तपासणी आणि नोंद मिळून १२ मिनिटं लागतात, म्हणजे तीन तासांत १५ बायका. आठवड्यातला एक दिवस दिला तर महिन्याला ६० आणि अख्खं उपकेंद्र पुरं व्हायला १३-१४ महिने. यातल्या ५ ते ६ टक्के बायकांना पुढे पाठवावं लागेल असं धरा, म्हणजे महिन्याला तीन-चार. ३०,००० लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची सहाही उपकेंद्रं एकदम सुरू झाली तर महिन्याला वीसेक बायका सोनोग्राफीच्या रांगेत उभ्या राहतात. आठवड्याला सहा जागा मिळाल्या असतील तर हे जमतं. दोनच मिळाल्या असतील तर दोन उपकेंद्रांपासून सुरुवात करा.

आता ‘एका दिवसात ५०० महिलांची मोफत तपासणी’ या बॅनरकडे बघा. नुसती दोन्ही स्तनांची नीट तपासणी सहा मिनिटांची धरली तरी ५०० बायकांना ५० तास लागतात. चार सिस्टर बसवल्या तर प्रत्येकीला साडेबारा तास. असं शिबिर चार तासांत संपलं असेल, तर तिथे तपासणी झालेली नसते, नुसता हात फिरवलेला असतो. त्याचा तोटाही होतो, कारण त्या बाईला वाटतं, आपलं झालं.

कर्करोग किती सापडतील याचाही अंदाज आधीच बांधा. तिरुअनंतपुरमचं प्रमाण धरलं तर हजार बायकांत एकाहून कमी. एखाद्या उपकेंद्रात वर्षभर तपासून एकही सापडला नाही, म्हणजे काम वाया गेलं असं नाही. हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर सहाव्या महिन्यात सिस्टरचा हात सैल पडतो.

महिना आणि वार

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांत ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई मागे राहिली तर कोयता मोडतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस गाठ सापडलेली बाई ‘तोडीवरून आल्यावर बघू’ म्हणणार, हे गृहीत धरा. तोवर सहा-सात महिने गेलेले असतात. अशा गावांत तपासणी मे ते जुलैमध्ये उरका आणि ऑगस्ट-सप्टेंबर फक्त पाठपुराव्याला ठेवा. तरीही कुणी गाठ घेऊन निघालीच, तर ती कोणत्या कारखान्यावर जातेय, मुकादमाचा फोन आणि तिथल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घ्या.

भातशेतीच्या पट्ट्यात लावणीचे आठवडे, कापसाच्या पट्ट्यात वेचणीचे दिवस टाळा. वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस बऱ्याच ठिकाणी सोयीचा पडतो, कारण त्या दिवशी मजुरी तशीही बंद असते. मात्र वेळ बाजाराला निघण्याआधीची, म्हणजे सकाळी ८ ते ११ ठेवा. लग्नसराई, यात्रा आणि मोठे उपवास पंचांगात बघून घ्यायचे.

बोलावणं कसं पाठवायचं

‘कॅन्सर तपासणी’ या नावाने दवंडी दिली की निम्म्या बायका येत नाहीत. ‘तिशीनंतरची तपासणी’ म्हणून रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि स्तन तपासणी एकत्र ठेवा. सरकारी असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात या पाचही गोष्टी एकत्रच आहेत. याचा दुसरा फायदा असा की, बाई आत कशासाठी गेली हे बाहेर बसलेल्यांना कळत नाही.

आशाताई घरोघरी सी-बॅक नावाचा प्रश्नांचा सरकारी फॉर्म भरतात. त्यात स्तनातली गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित पाणी आणि स्तनाच्या आकारातला बदल यांबद्दल प्रश्न आहेत. हे प्रश्न ओट्यावर सासू, दीर, शेजारीण बसलेले असताना विचारले की उत्तर ‘नाही’च येतं. चुलीपाशी, न्हाणीपाशी, शेताच्या बांधावर, दोघीच असताना विचारा. भाषा घरची हवी. ‘स्तनामध्ये गाठ’पेक्षा ‘छातीला, थानात काही गोळा, कडकपणा लागतो का? अंघोळीच्या वेळी हाताला काही येतं का?’ हे लवकर पोहोचतं.

‘हो’ म्हणणारी बाई स्क्रीनिंगच्या यादीतली राहत नाही. तिचं वय २२ असो की ७५, तिने शिबिराची वाट बघायची नाही, थेट गुरुवारच्या सर्जन ओपीडीत जायचं. शिबिराच्या दिवशीही तक्रार असलेल्यांची रांग वेगळी आणि पहिली ठेवा. तिशीच्या आतली आहे म्हणून गाठ असलेल्या मुलीला परत पाठवल्याचे प्रकार होतात, ते होऊ देऊ नका.

घरच्यांशी आशाताईने आधीच बोललेलं बरं. ‘काकू, सूनबाईंना अर्धा दिवस द्या, तुमचीही तपासणी करून घेऊ’ असं म्हटलं की सासू आणि सून दोघीही येतात.

खोली आणि सामान

अंगणवाडी किंवा शाळेची खोली चालते, पण खिडक्यांना आतून वर्तमानपत्र चिकटवा, दाराला कडी हवी आणि दार उघडलं तरी टेबल दिसू नये अशा बेताने पडदा लावा. आत एका वेळी एकच बाई, तपासणारी सिस्टर आणि मदतीला एक आशाताई. पुरुष कुणी नाही, सरपंच नाही, पाहुणे नाहीत. मोबाइल दाराबाहेर टोपलीत. अहवालासाठी फोटो हवाच असेल तर बाहेरच्या नोंदणीच्या टेबलाचा घ्या.

सामान थोडंच लागतं: झोपण्याजोगं टेबल किंवा बाकडं, उशी, खांद्याखाली ठेवायला घडी केलेला टॉवेल, अंगावर घ्यायला चार-पाच स्वच्छ चादरी, सेंटिमीटरची पट्टी, टॉर्च, हात धुण्याची सोय, नोंदीचे फॉर्म, पांढरी कार्डं आणि पुढे पाठवायच्या बायकांसाठी लाल कार्डं. हातमोजे फक्त जखम किंवा स्राव असेल तेव्हा घाला, एरवी उघड्या बोटांना जास्त कळतं. बोटं सरकत नसतील तर चिमूटभर टाल्कम पावडर चालते. ज्या बाईची त्याच दिवशी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आहे तिला मात्र पावडर लावायची नाही, कारण तिचे कण चित्रात चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

तपासणी, पायरीपायरीने

आधी दोन मिनिटं विचारपूस: वय, पाळी कधी आली, अंगावर पाजतेय का, आई-बहीण-मावशीला असा आजार होता का, सध्या काही जाणवतं का. पाळी चालू असलेल्या बाईसाठी पाळी सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांचा काळ उत्तम. पण तेवढ्यासाठी परत पाठवू नका, ती पुन्हा येईलच असं नाही.

मग बसवून नुसतं बघायचं. हात खाली, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर, मग थोडं पुढे वाकून. कमरेवर हात दाबले की छातीचा स्नायू आवळतो आणि आत ओढली गेलेली कातडी खळीसारखी दिसते. एरवी ती नजरेतून सुटते. दोन्ही बाजूंची तुलना करा. अलीकडे आत वळलेलं स्तनाग्र, त्यावरची न बरी होणारी खपली, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, लाली, जखम हे सगळं नोंदवा. स्तनाग्र जन्मापासूनच आत असेल तर तसं लिहा, म्हणजे विनाकारण धावपळ होत नाही. बसलेली असतानाच गळ्याच्या हाडावरचे खळगे आणि दोन्ही काखा तपासा. काख बघताना तिचा हात आपल्या हातावर सैल टेकवून घ्यायचा. स्नायू ताणलेला असला तर काखेतली गाठ लागत नाही.

आता झोपवायचं. ज्या बाजूची तपासणी, त्या बाजूचा हात डोक्यावर आणि खांद्याखाली टॉवेल. स्तन मोठा असेल तर बाईला थोडं विरुद्ध कुशीवर वळवा, म्हणजे काखेकडचा भाग पसरतो. एका वेळी एकच बाजू उघडी ठेवा, दुसरीवर चादर.

तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं. टोकं नव्हेत, पेरांचा मऊ भाग. काखेच्या मधल्या रेषेपासून सुरुवात करून वरून खाली, मग बोटभर सरकून खालून वर, अशा उभ्या पट्ट्यांनी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायचं. वरची हद्द गळ्याचं हाड आणि खालची हद्द स्तनाखालची घडी. प्रत्येक जागी रुपयाच्या नाण्याएवढी तीन वर्तुळं: पहिलं हलकं, कातडीखाली जाणवेल असं. दुसरं मध्यम. तिसरं बरगडी लागेपर्यंत खोल. बोटं उचलायची नाहीत, सरकवायची. एका बाजूला किमान तीन मिनिटं लागतात. घड्याळ समोर ठेवा.

चुका ठरलेल्या जागी होतात. काखेकडचा वरचा भाग घाईत सुटतो, आणि सर्वाधिक कर्करोग नेमके तिथेच होतात. स्तनाग्राखालची जागा संकोचाने सुटते. खोल दाब दिला जात नाही. गोल गोल फिरवत तपासलं तर मध्ये पट्टे राहून जातात, म्हणून उभ्या पट्ट्यांचाच आग्रह धरा. उलट्या बाजूची चूकही असते: बरगडी आणि कूर्चेचा सांधा, किंवा वयस्कर बायकांत स्तनाखालची कडक कड, यांना गाठ समजलं जातं. शंका आली की दुसऱ्या बाजूची तीच जागा तपासा. दोन्हीकडे सारखं लागत असेल तर बहुधा ती रचनाच असते.

स्तनाग्र जोरात पिळायचं नाही. आपोआप येणारा, एकाच बाजूचा, एकाच छिद्रातला, रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्राव महत्त्वाचा.

पाळीपूर्वी छाती दाणेदार, दुखरी लागते. चाळिशीच्या आतल्या बाईला असं असेल आणि वेगळी अशी गाठ नसेल, तर पुढच्या पाळीनंतर एकदाच पुन्हा तपासा, आणि तारीख आत्ताच कार्डावर घाला. वेगळी, कडक गाठ असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. पाजणाऱ्या बाईची गाठ ‘दुधाची’ म्हणून सोडून दिली जाते. ती दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी. गळवासारखी लाली गोळ्या-औषधांनी दोन आठवड्यांत उतरली नाही तरीही तेच.

हात शिकवायला सिलिकॉनचं मॉडेल उत्तम. ते नसेल तर जाड फोमच्या थराखाली मणी, वाटाणा, हरभरा ठेवून तीन दाबांचा सराव करता येतो. पण त्यानंतर सर्जनच्या ओपीडीत खऱ्या गाठी, बाईंची संमती घेऊन, हाताखालून गेल्याशिवाय सिस्टरला एकटीने बसवू नका. दर सहा महिन्यांनी उजळणी ठेवा.

नोंद अशी, की सर्जनला गाठ शोधावी लागू नये

‘उजव्या स्तनात गाठ’ ही नोंद अपुरी आहे. स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी धरून लिहायचं: ‘उजवा, १० वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी, आकार २ सेंमी, कडक, कडा ओबडधोबड, हलत नाही, दुखत नाही. कातडीला खळी आहे. काखेत उजवीकडे एक गाठ.’ शेजारी दोन वर्तुळं काढून खूण करा. तालुक्याला गर्दीत दोन मिनिटं देणाऱ्या सर्जनचा हात मग थेट त्या जागी जातो. नोंद मोघम असली की ‘काही लागत नाही’ म्हणून बाई परत येते, आणि ती दुसऱ्यांदा जात नाही.

गाठ लागली: पहिलं वाक्य आणि पहिले ६० दिवस

‘कॅन्सर वाटतोय’ असं म्हटलं तर बाई गायब होते. ‘काही नाही, पण दाखवून घ्या’ म्हटलं तर दाखवत नाही. म्हणायचं असं: ‘मावशी, इथे एक गाठ लागतेय. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते नुसत्या हाताने ठरत नाही. गुरुवारी मोठ्या दवाखान्यात बघून घेऊ. सकाळी साडेसातच्या गाडीने आशाताई तुमच्याबरोबर येतील.’ लाल कार्डावर वार, तारीख, ओपीडीचा खोली क्रमांक आणि सर्जनचं नाव आधीच लिहिलेलं असावं.

जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे की बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं. या ६० दिवसांची विभागणी करा: सर्जनला दाखवणं ७ दिवसांत, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी १५ दिवसांत, सुईची बायोप्सी ३० दिवसांत, रिपोर्ट हातात ४५ दिवसांत. उरलेले १५ दिवस मध्ये येणाऱ्या दहाव्या-तेराव्याला, पावसाला, बंद पडलेल्या मशीनला. ठरल्या दिवशी बाई पोहोचली नाही तर त्याच संध्याकाळी फोन, आणि तीन दिवसांच्या आत घरी भेट.

न येण्याची कारणं बहुतेक ठरलेली: दुखत नाही, मग कशाला? रोज बुडतो. जनावरांचं कोण बघणार? आणि सर्वात चिवट म्हणजे ‘सुई लावली की पसरतो’. दुखण्याबद्दल सरळ सांगा की कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून न दुखणाऱ्या गाठीकडे जास्त लक्ष द्यायचं. सुईबद्दल सांगा की सुईने आजार पसरत नाही. उशिरा सुई लावलेल्या बाईचा आजार आधीच पसरलेला असतो, म्हणून लोकांचा तसा समज होतो. ज्या गावात उपचार होऊन बरी झालेली बाई आहे, तिला (तिची तयारी असेल तरच) सोबत घ्या. तिच्या चार वाक्यांपुढे आपलं भाषण फिकं पडतं.

बायोप्सी: इथेच सगळं बिघडतं

निदानाचे तीन पाय असतात: हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेला तुकडा. तरुण बायकांत सोनोग्राफी आधी, चाळिशीपुढे दोन्ही.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे तालुक्याच्या एखाद्या दवाखान्यात ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून केलेलं ऑपरेशन. गाठ काढली जाते, कधी तपासणीला जातच नाही, टाकून दिली जाते. सहा महिन्यांनी व्रणाखाली पुन्हा फुगते आणि बाई तिसऱ्या टप्प्यात पोहोचते. तपासणीला गेली तरी कडा मोकळ्या होत्या का, म्हणजे कर्करोग पूर्ण निघाला का, हे कळत नाही आणि ऑपरेशन पुन्हा करावं लागतं. परिसरातल्या खाजगी डॉक्टरांची एक बैठक घ्या आणि एवढंच मागा: बायोप्सीशिवाय स्तनाची गाठ काढू नका, आमच्याकडे पाठवा.

बारीक सुईने पेशी काढण्यापेक्षा कोअर बायोप्सी मागा. १४ गेजच्या सुईने चार-सहा सळ्या काढतात, भूल तेवढ्याच जागेला, बाई तासाभरात घरी जाऊ शकते. या तुकड्यावरून कर्करोग आहे की नाही हे कळतंच, शिवाय ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद) आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्याही होतात. औषध कोणतं द्यायचं ते त्यांवर ठरतं.

तुकडा कशात ठेवला यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रावण), तुकड्याच्या किमान दहापट, आणि तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत त्यात. सलाइनमध्ये, पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये ठेवला तर ईआर-पीआरचा निकाल चुकतो किंवा येतच नाही. फॉर्मॅलिनमध्ये तो ६ ते ७२ तासच राहावा. शुक्रवारी दुपारी काढलेला तुकडा लांब सुट्ट्यांमुळे मंगळवारपर्यंत पडून राहिला की ही मर्यादा ओलांडते, म्हणून बायोप्सीचा वार सोमवार ते बुधवारच्या आत ठेवा. बाटलीवर (झाकणावर नव्हे, झाकणं बदलतात) नाव, वय, बाजू, घड्याळातली जागा, तारीख आणि वेळ लिहा. बाटली नातेवाइकाच्या पिशवीतून शहरातल्या लॅबला पाठवण्याची पद्धत बंद करा. ती कधी एसटीत राहते, कधी पैसे नाहीत म्हणून घरच्या फळीवर. रिपोर्टची प्रत थेट सिस्टरकडे यावी, म्हणजे तो कपाटात पडून राहत नाही.

कागद आणि पैसा

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयात ऑपरेशन, केमोथेरपी आणि रेडिएशन विनामूल्य होतं. हेल्पलाइन १५५३८८. अडचण बहुधा कागदाची असते: सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डात, आधारवर नाव वेगळं, आडनाव लग्नाआधीचं. लाल कार्ड दिलं त्याच दिवशी आशाताईने रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव, वय आणि स्पेलिंग ताडून बघायचं. दुरुस्तीला तहसीलमध्ये आठवडे जातात, आणि बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचा वेळ त्यासाठी नेमका मिळतो. निदान पक्कं होईपर्यंतच्या तपासण्या शक्यतो सरकारी रुग्णालयातच करा, बाहेरच्या तपासण्यांचा खर्च घरच्यांच्या खिशातून जाण्याचा धोका असतो.

उपचाराचं ठिकाण गावापासूनच्या अंतरावर आणि राहण्याच्या सोयीवर ठरवा. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय यांपैकी जवळचं असताना प्रत्येकीला परळला टाटाला पाठवायची गरज नसते. मुंबईला जावंच लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची आधी चौकशी करा. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, सोबत येणाऱ्या पुरुषाचं पूर्ण. बचत गटाकडून किंवा ग्रामनिधीतून पहिल्या दोन फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेला रोज काढता आला तर काढा. रक्कम लहान असते, पण गळती तिथेच थांबते.

गाडी, यंत्रं आणि देणगीदार

कुणी मॅमोग्राफीची गाडी देऊ केली तर आधी विचारा: चित्रं कोण वाचणार, किती दिवसांत, संशयित निघालेल्या बाईला परत कोण बोलावणार? उत्तर नसेल तर नम्रपणे नकार द्या. गाडी घेतलीच तर ती पन्नाशीपुढच्यांसाठी आणि हाताला शंका आलेल्या चाळिशीपुढच्यांसाठी वापरा. तरुण बायकांच्या घट्ट स्तनांत मॅमोग्राफीला कमी दिसतं.

सोनोग्राफीचं छोटं यंत्र शिबिराला आणायचा मोह आवरा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेता येत नाही, मग ते स्तनासाठी असलं तरी. परवानगीचा प्रश्न जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शिबिराच्या आधी.

उष्णतेच्या कॅमेऱ्याची तपासणी ‘मॅमोग्राफीला पर्याय’ म्हणून विकली जाते. ती पर्याय नाही, अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही तसा इशारा दिलेला आहे. त्या पैशात कोअर बायोप्सीच्या सुया घ्या.

दर महिन्याचं पान

रजिस्टरमध्ये महिन्याला सहाच आकडे काढा: बोलावल्या किती, आल्या किती (त्यातल्या पन्नाशीपुढच्या किती), लाल कार्ड किती, सर्जनपर्यंत पोहोचल्या किती, बायोप्सी किती, उपचार सुरू किती. शेजारी प्रत्येक लाल कार्डाचे दिवस: कार्ड कधी, रिपोर्ट कधी. एखाद्या सिस्टरने २०० बायका तपासून एकही लाल कार्ड दिलं नसेल, किंवा दर पाचवीला दिलं असेल, तर तिच्या शेजारी सर्जनला अर्धा दिवस बसवा. लाल कार्डवाल्या दहा जणींपैकी सर्जनपर्यंत पोहोचणाऱ्या आठच्या खाली आल्या तर नव्या गावात जायचं थांबवा, आधी राहिलेल्यांच्या घरी जा.

आणि उपचार पुरे झालेल्या बाईचं नाव रजिस्टरमधून काढू नका. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तिची तपासणी, हाताला सूज येतेय का ते बघणं, आणि आजार परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालू असेल तर ती संपायच्या आठवडाभर आधी पुढची पोहोचवणं, हे उपकेंद्राचंच काम आहे. पाच-पाच वर्षं चालणारी ही गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडली जाते. आशाताईच्या महिन्याच्या फेरीत त्या घराचा उंबरा धरलेला असावा.